कोंडाळे आणि संघ : विनयपिटकातील सतरा मुलांची कथा

वसतिगृह हा शब्द अर्वाचीन असला, तरी परक्या घरांतून आलेल्यांनी एका छपराखाली राहावे, एका पंगतीत जेवावे आणि एका नियमाने चालावे, हा प्रयोग या देशात अडीच हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. भिक्खू संघ हा तो प्रयोग होय आणि विनयपिटक हे त्याचे दप्तर. आपल्या समाजात धम्मपद घरोघरी आहे, सुत्तांचे पठण विहारात होते, वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन ठिकठिकाणी चालते. विनयपिटक मात्र 'ते भिक्खूंचे पुस्तक' म्हणून कपाटात राहते. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हाला ते कपाटातून बाहेर काढावेसे वाटते. निवासी शाळेच्या पालकाला आणि वस्तीच्या कार्यकर्त्याला आज जे प्रश्न पडतात, त्यांतील बरेच त्यात नोंदलेले आहेत.

राजगृहात सतरा मुलांची एक सोबत होती. उपाली नावाचा मुलगा त्यांचा म्होरक्या. (विनयाचे जाणकार म्हणून प्रसिद्ध असलेले, नाभिक कुळातून आलेले उपाली स्थविर ते वेगळे.) या मुलाच्या आईवडिलांना काळजी पडली, की आपल्यामागे याचे कसे होणार. लेखन शिकवावे तर बोटे दुखतील. हिशोब शिकवावा तर छातीवर ताण येईल. नाणी पारखायला घालावे तर डोळे जातील. त्यापेक्षा हे शाक्यपुत्रीय श्रमण बरे. चांगले जेवतात, आडोशाच्या जागी निजतात. मुलाने हे बोलणे ऐकले आणि तो सोळा सोबत्यांना घेऊन संघात दाखल झाला. भिक्खूंनी त्यांना पब्बज्जा दिली, उपसंपदाही दिली. पहाटे ही मुले उठून रडू लागली. पेज मागू लागली, भात मागू लागली. उजाडू द्या, असेल तर मिळेल, असे भिक्खू समजावीत होते. मुलांनी अंथरुणे खराब केली. तो रडण्याचा आवाज तथागतांच्या कानी गेला, चौकशी झाली आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये, असा नियम झाला. मुलाला निवासी शाळेत घालताना आजचा पालकही कधी कधी असाच हिशोब मांडतो, हे प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्या शिक्षकांना वेगळे सांगावे लागणार नाही.

ही सतरा मुले पुढे संघात 'सत्तरसवग्गिय', म्हणजे सतरांचा गट, या नावाने ओळखली गेली. त्याच संघात आणखी एक गट होता, 'छब्बग्गिय', सहांचा गट. परंपरेने त्यांची नावेही जपून ठेवली आहेत : अस्सजि, पुनब्बसु, पंडुक, लोहितक, मेत्तिय आणि भुम्मजक. (यातील अस्सजि म्हणजे पंचवर्गीय भिक्खूंतील अस्सजि नव्हेत.) विनयातील नियमांमागच्या कथा वाचताना हे सहा जण वारंवार भेटतात. पाचित्तिय या प्रकरणात त्यांनी सतरांच्या गटाशी केलेले वर्तन एकत्र करून पाहिले, तर आपण प्राचीन ग्रंथ वाचत आहोत की एखाद्या वसतिगृह अधीक्षकाची नोंदवही, असा प्रश्न पडतो.

मुले आपली भांडीकुंडी नीट आवरून ठेवीत नसत. सहांच्या गटाने त्यांची पात्रे आणि चीवरे लपवून ठेवली. मुले मागू लागली, तेव्हा हे हसू लागले. दुसऱ्या वेळी त्यांनी मुलांना भेवडावले. तिसऱ्या वेळी रागाच्या भरात मारले. पुढे मारले नाही, पण मारण्यासाठी हात उगारला. एका मुलाला तर त्यांनी इतक्या गुदगुल्या केल्या, की हसता हसता त्याचा श्वास कोंडला आणि तो मेला. एकदा ही मुले एक मोठा विहार वर्षावासासाठी डागडुजी करून नीट करीत होती. सहांनी ते पाहिले आणि ठरवले, की आधी यांना दुरुस्त करू द्यावा, मग उठवावे. काम पुरे झाल्यावर येऊन म्हणाले, उठा, ही जागा आमच्याकडे येते. मुलांनी विचारले, हे आधी का सांगितले नाही, आम्ही दुसरा विहार दुरुस्त केला असता. विहार मोठा आहे, तुम्हीही राहा, आम्हीही राहतो, असेही ती म्हणाली. तेव्हा त्यांना गळ्याला धरून बाहेर काढण्यात आले.

या प्रसंगांतून झालेल्या नियमांपैकी वस्तू लपविण्याबद्दलचा नियम शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. गंमत म्हणून जरी दुसऱ्याचे सामान लपवले, तरी तो अपराधच, असे त्यात स्पष्ट घातलेले आहे. 'सर, आम्ही तर गंमत करत होतो' हे वाक्य ज्यांनी शंभर वेळा ऐकले आहे, त्यांना त्या एका शब्दाची किंमत कळेल. गंमत कोणाची झाली, हे ज्याचे सामान हरवले त्याला विचारायचे असते.

आमच्या मते या मालिकेतील सर्वांत बोचरा प्रसंग मारहाणीचा नाही. सहांच्या गटाने एके दिवशी मुलांना सांगितले, की वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा नाही असा तथागतांचा नियम आहे. तुम्हाला तर वीस वर्षांच्या आत दिली गेली. तेव्हा तुम्ही खरे भिक्खू आहात तरी काय? मुले रडू लागली. ज्या नियमाचा जन्म त्या मुलांच्याच सोसण्यातून झाला, तोच त्यांच्या मनात शंका पेरण्यासाठी वापरला गेला. जाणूनबुजून दुसऱ्याच्या मनात अशी टोचणी निर्माण करणे हाही अपराध ठरविण्यात आला. आपल्या शाळेतून बाहेर पडून वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींना हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. तुम्ही कोणत्या यादीतून आलात, तुमचे गुण किती, तुम्ही खरे डॉक्टर होणार काय, ही भाषा त्यांनी ऐकलेली असते. २००६ साली दिल्लीच्या एम्स संस्थेतील भेदभावाची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्रासाला कंटाळून दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र येऊन राहतात, ही गोष्ट त्या समितीने नोंदवली. सहांच्या गटाला असा त्रास देण्यासाठी काठी उचलावी लागत नाही. तुम्ही येथले नाहीत, एवढे म्हणणे पुरते.

आता या सर्व कथांच्या बांधणीकडे लक्ष द्यावे. बहुतेक कथांत एक टप्पा न चुकता येतो. मुले रडत असतात. तेथून जाणारे भिक्खू थांबतात आणि का रडता, असे विचारतात. मुले सांगतात. मग संघातील जे अल्पेच्छ, सज्जन भिक्खू असतात, ते उघडपणे नाराजी बोलून दाखवतात. मग गोष्ट तथागतांपर्यंत जाते. सहांना बोलावून, तुम्ही हे केले हे खरे काय, असे त्यांच्या तोंडावर विचारले जाते. ते कबूल करतात. मग नियम होतो. मुलांनी स्वतः तक्रार घेऊन जावे, अशी अपेक्षा या कथा करीत नाहीत. रडणाऱ्याने फक्त रडायचे आहे. विचारण्याचे काम जाणाऱ्या-येणाऱ्याचे आहे. विनयाच्या एवढ्या मोठ्या इमारतीतील कितीतरी विटा या एका प्रश्नावर उभ्या आहेत, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांची नावेसुद्धा ग्रंथाने सांगितलेली नाहीत.

आधुनिक मानसशास्त्र याच जागी येऊन पोहोचले आहे. नॉर्वेमध्ये १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर शालेय छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम उभी राहिली आणि डॅन ओल्वेयस यांचे संशोधन जगभर गेले. पुढे १९९६ साली फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की वर्गातील छळात दोनच पात्रे नसतात. एक छळणारा असतो, त्याला हात देणारे काही असतात, हसून-ओरडून चेव आणणारे काही असतात, काही बाजूला सरकून उभे राहतात, आणि थोडे जण छळ सोसणाऱ्याच्या बाजूला जातात. त्या आधी, १९५० च्या दशकात, अमेरिकेत सोलोमन अॅश यांनी रेषांच्या लांबीचा साधा प्रयोग केला होता. खोलीतील सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले, की एकटा पडलेला माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारे सोडून बहुमताचे उत्तर देई. परंतु त्याच्यासारखे खरे उत्तर देणारा केवळ एक सोबती मिळाला, तरी हे प्रमाण एकदम खाली येई. कोंडाळ्याचे बळ म्होरक्याच्या मनगटात नसते. ते भोवती उभ्या असलेल्यांच्या गप्प राहण्यात असते. म्हणून छळणाऱ्या मुलाला शिक्षा करून वर्ग सुधारत नाही, हा शिक्षकांचा अनुभव खरा आहे. म्होरक्या जातो, कोंडाळे राहते, आणि दुसरा म्होरक्या शोधते.

येथवर मुलांचे झाले. पण मुले हे कोठे शिकतात? वस्तीत शिकतात.

गावाने एखाद्याला वाळीत टाकणे म्हणजे मोठ्या माणसांचे कोंडाळे होय. दुकानदाराने किराणा न देणे, शेतावर काम न देणे, पिठाची गिरणी बंद करणे, वाटेत भेटल्यावर न बोलणे. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. १९३० साली आलेल्या तिच्या अहवालात अस्पृश्यांना दडपण्यासाठी बहिष्काराइतके प्रभावी हत्यार दुसरे नाही, अशा आशयाची नोंद आहे. हात न उगारता माणूस मोडता येतो आणि करणारा एकही पुढे येत नाही, हे त्या हत्याराचे वैशिष्ट्य. गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह जी योजना ठेवली, तिच्यात बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा करावा अशी मागणी होती आणि तिचा मसुदा १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतलेला होता. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला; त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अॅट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला. बाबासाहेबांच्या मागणीपासून हे अंतर सुमारे पंच्याऐंशी वर्षांचे आहे.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रामपंचायतींचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी फटकारले आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरला. पण त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भिक्खू संघाला संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, असे अभिमानाने सांगितले : आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकेने मतदान. काही अभ्यासकांना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. गावही स्वतःचा कारभार स्वतः करीत होते आणि संघही करीत होता. गावकीत कोण बोलणार हे जन्माने ठरे, संघात बोलण्याची रीत नियमाने ठरे. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, तो समोर असलाच पाहिजे, याला सम्मुखाविनय म्हणत. ठराव मांडायचा, तो विचारार्थ पुन्हा उच्चारायचा, महत्त्वाच्या बाबतीत तीनदा उच्चारायचा, आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे असे सांगायचे; मगच मौन म्हणजे संमती. आपल्या सभांमध्येही मौन म्हणजे संमती धरतात, परंतु तीनदा विचारीत नाहीत. सभा अपुरी ठरावी म्हणून चर्चा चालू असताना उठून जाणे हाही अपराध होता. कोणासाठी हा नियम करावा लागला, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो. संघसुद्धा कधी कधी संबंध तोडीत असे. मग तो बहिष्कार नव्हे काय?

दब्ब मल्लपुत्त या भिक्खूंकडे राजगृहाच्या वेळुवनात निवास आणि भोजन यांची वाटणी होती. आजच्या भाषेत अधीक्षकाचे आणि मेसचे काम. ते समान आवडीच्या भिक्खूंना एकत्र जागा देत. सुत्तपठण करणारे एकीकडे, ध्यान करणारे एकीकडे; अगदी गप्पाटप्पांत आणि शरीर कमावण्यात रमणाऱ्यांचीही त्यांनी एका ठिकाणी सोय लावली होती. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटाला एकदा निकृष्ट जेवण मिळाले. हे दब्बांनी मुद्दाम केले असे त्यांनी मनात घेतले आणि मेत्तिया नावाच्या भिक्खुनीला पुढे करून दब्बांवर शीलभंगाचा खोटा आरोप घडवून आणला. संघासमोर दब्बांना विचारले गेले, त्यांनी नाकारले; पुढे गटाने आपणच हे करविले असे कबूल केले आणि स्मृती शुद्ध असलेल्या निर्दोष भिक्खूला द्यावयाचा सतिविनय दब्बांना मिळाला. त्या भिक्खुनीला मात्र संघातून घालवण्यात आले. कट पुरुषांचा आणि हकालपट्टी स्त्रीची, हे आम्हाला खटकते. ग्रंथ आपला आहे म्हणून ते झाकण्याचे कारण नाही.

गट तेवढ्यावर थांबला नाही. त्याने वड्ढ नावाच्या लिच्छवी गृहस्थाला हाताशी धरून तसाच आरोप पुन्हा करविला. या वेळी संघाने ठराव करून वड्ढाविषयी पात्र पालथे घातले. म्हणजे त्याच्या घरची भिक्षा भिक्खूंनी घेऊ नये. आनंद स्वतः त्याच्या घरी जाऊन हे सांगून आले. ऐकताच वड्ढ मूर्च्छित होऊन पडला. नंतर तो ओल्या वस्त्रांनी, बायकामुलांसह आला आणि चूक कबूल केली. संघाने पुन्हा ठराव केला आणि पात्र सुलटे केले.

गावच्या बहिष्काराशेजारी हे ठेवून पाहावे. येथे ज्याच्याजवळ धान्य आहे त्याने उपाशी माणसाचे धान्य बंद केले नाही. भिक्षेवर जगणाऱ्यांनी धनिकाचे दान नाकारले. झळ लागायची ती आधी नाकारणाऱ्यांनाच. कोणत्या कृत्यासाठी पात्र पालथे घालता येते हे आधी सांगितलेले होते, निर्णय उघड झाला, माणूस पाठवून कळवला गेला, आणि परत येण्याची वाट त्याच नियमात लिहिलेली होती. वड्ढाचे मित्र आणि नातलग त्याच्याशी बोलायचे थांबले नाहीत. उलट त्यांनीच त्याला धीर दिला. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला मात्र कोणता गुन्हा, कोणी ठरवला, किती दिवस, आणि काय केले म्हणजे संपेल, यातले एकही उत्तर मिळत नाही.

हे लिहिताना आम्ही फक्त सवर्णांच्या गावकीकडे बोट दाखवावे, हे सोयीचे झाले असते. पण आपल्याही वस्त्यांत एखाद्या कुटुंबाने मनाविरुद्ध लग्न केले, वर्गणीचा हिशोब मागितला किंवा निवडणुकीत वेगळ्या गटाचे काम केले, तर त्याच्या घरच्या कार्याला जायचे नाही असे ठरते. ठरते, म्हणजे कोणी ठरवीत नाही, नुसते पसरते. विहार समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद सापडणार नाही. दुसरीकडे, २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेसारख्या उपक्रमांत किरकोळ भांडणे गावातच मिटतात हे चांगलेच. परंतु गावाला पुरस्कार मिळावा म्हणून अन्याय झालेल्यानेच माघार घ्यावी, असा दबाव येऊ लागला, की ती समिती राहत नाही, कोंडाळे होते. अत्याचाराचा गुन्हा हा तंटा नव्हे, आणि तो समितीने मिटवायचा नसतो, पोलिसांत न्यायचा असतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याचेही तेच. वसतिगृहाच्या सभेने काय हाताळावे आणि काय हाताळू नये, ही रेघ पालकांनी संस्थेकडून आखून घ्यावी.

आपल्या विद्यालयात रविवारच्या वंदनेनंतर विद्यार्थी सभा भरते. तिच्या नियमांत विनयातील काही गोष्टी आम्ही शिक्षकांनी मुलांशी बोलून आणल्या आहेत. तक्रार ज्याने सोसले त्यानेच आणावी असे बंधन नाही, पाहणाऱ्यानेही आणावी. ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर असल्याशिवाय बोलणे सुरू होत नाही. 'गंमत केली' हे उत्तर चालत नाही. कोणाशी बोलू नका, कोणाला पंगतीत घेऊ नका, असा निर्णय सभेला घेता येत नाही. प्रत्येक निर्णयाला संपण्याची तारीख असते. पहिली काही महिने मुले फार कमी बोलली. मोठ्या वर्गांतली मुले तर आढ्याकडे पाहत बसत. आता बोलतात, कधी कधी वंदनेपेक्षा सभा लांबते आणि स्वयंपाकघरातून निरोप येतो.

सभेची एक वही आहे. तिच्यात काय घडले, कोणी केले, कोणाला झाले, हे रकाने आहेत आणि शेवटी 'तेथे आणखी कोण होते' असा एक रकाना आहे. तो भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. जे माजी विद्यार्थी जवळपास राहतात आणि महिन्यातून एक रविवार देऊ शकतात, त्यांनी या सभेला येऊन बसावे. बोलण्याची गरज नाही. आपल्या वेळी या रकान्यात कोणाकोणाची नावे आली असती, हे त्यांना मुलांपेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि मुले त्यांना ते नक्की विचारतात. येण्यापूर्वी अधीक्षकांना आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे जेवणाची व्यवस्था करता येईल.